संगणकावर पुन्हा धावली बार्शीची छोटी गाडी

बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, लातूर या पट्ट्यातील व्यापारी घराण्यांत ज्यांच्या आजोबा-पणजोबांचा माल ‘बार्शी लाइट’च्या वाघिणींतून कधीच गेला नसेल, अशी घरे विरळाच. अडीच फूट अंतरावरच्या दोन रुळांवरून डुलत जाणारी ती छोटी गाडी आमच्या गावाच्या बोलण्याचाच एक भाग होती. २००८ साली कुर्डुवाडी-लातूर मार्ग रुंद झाला आणि छोटी गाडी कायमची थांबली. आमचे चिरंजीव त्या वेळी चार वर्षांचे होते. त्यांना ती गाडी आठवत नाही. तरीही गेली दोन वर्षे अभियांत्रिकीचा अभ्यास सांभाळून हा मुलगा ती गाडी, तिचे रूळ, तिची स्थानके आणि तिच्या दोन्ही बाजूंची शेते संगणकाच्या पडद्यावर पुन्हा उभी करतो आहे.

प्रांजळपणे सांगायचे तर मला हा उद्योग आरंभी वेळेचा अपव्यय वाटला. मी आडत दुकानात बसणारा माणूस. दिवसभर भाव, वजन, उधारी यांत गेल्यावर घरी येऊन पाहावे, तर मुलगा पडद्यावरच्या माळरानावर बाभळीची झाडे लावीत बसलेला! “यातून मिळणार काय?” असे मी दोन-तीनदा विचारलेही. त्याने वाद घातला नाही. पण या उद्योगाने आमच्या घरात जे घडवले ते पाहिल्यावर तो प्रश्न मी पुन्हा विचारलेला नाही. काय घडले, ते वाचकांपुढे ठेवण्यासाठीच हा लेख.

पाच टनांचा हिशेब

प्रथम त्या मार्गाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण नव्या पिढीतील अनेकांना त्याचे मोल ठाऊक नाही.

मुंबईहून सोलापूरकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मोठा मार्ग बार्शीला न शिवता गेला. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, पण तिचा माल बैलगाड्यांनी सुमारे २१ मैल दूर ‘बार्शी रोड’ स्थानकावर न्यावा लागे. हे बार्शी रोड म्हणजेच आजचे कुर्डुवाडी. ही अडचण एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हेरली. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी उभी राहिली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. १९०६ साली एक शाखा पंढरपूरला पोहोचली. दुसऱ्या बाजूने मार्ग तडवळ्यापर्यंत आणि १९११ साली तेथून पुढे, त्या काळी निजामाच्या राज्यात असलेल्या लातूरपर्यंत गेला. १९२७ साली पंढरपूरहून मिरजेपर्यंत रूळ पडले आणि एकूण लांबी २०० मैलांवर गेली. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली.

काल्थ्रॉपची खरी कल्पना रुळांच्या रुंदीपेक्षा वजनाशी निगडित होती. त्याने ठरवले, की या मार्गावर धावणाऱ्या कोणत्याही वाहनाच्या, मग ते इंजिन असो वा मालाची वाघीण, एका आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडता कामा नये. भार सर्व आसांवर सारखा वाटला गेला, की हलके रूळ पुरतात. रूळ हलके असले, की पूल आणि भराव स्वस्त होतात. खर्च आटोक्यात राहिला, की लहान पेठेलाही रेल्वे परवडते. लीड्सच्या किटसन कारखान्यात या मार्गासाठी बनवलेल्या पहिल्या इंजिनांना आठ चालक चाके आणि मागे चार लहान चाके होती, ती याच नियमामुळे. वाघिणींसाठी दाबून आकार दिलेल्या पोलादी सांगाड्यांचा उपयोग करण्यात आला. गाड्या भारतात येण्याआधी लीड्सजवळ न्यूले येथे खास रूळ टाकून त्यांची चाचणी घेण्यात आली होती. भांडवल थोडे, गरज मोठी आणि प्रत्येक आसाचा हिशेब चोख! व्यापाऱ्याला हा विचार परका वाटू नये.

या मार्गाशी आपल्या समाजाचाही एक धागा जोडलेला आहे. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद घरच्या परंपरागत व्यापारात रमले नाहीत. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत ते रेल्वेच्या कंत्राटदारीत उतरले, आणि त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांत बार्शी लाइट रेल्वेच्या विस्ताराचे काम होते. पुढे जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही क्षेत्रांत भारतीय उद्योगाचा पाया घालणाऱ्या या पुरुषाच्या कर्तृत्वाची पहिली पावले आपल्याच भागातल्या अडीच फुटी रुळांच्या भरावावर पडली होती.

पडद्यावर मार्ग कसा घालतात?

ट्रेन सिम्युलेटर म्हणजे आगगाडी चालवण्याचा संगणकीय अनुभव. पडद्यावर रूळ, सिग्नल, फलाट दिसतात. वाफेची कळ आणि ब्रेक आपल्या हाती असतात. भार, चढ, वळण यांचा परिणाम गणिताने काढून संगणक गाडी चालवतो. २००१ साली मायक्रोसॉफ्टने असा कार्यक्रम बाजारात आणला आणि त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातील ऑरन कंपनीचा ‘ट्रेन्झ’ही आला. मायक्रोसॉफ्टच्या मूळ संचात इंग्लंड, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रिया येथील मार्ग होते, भारतातील एकही नव्हता. मात्र नवे मार्ग स्वतः रचण्याची साधने या कार्यक्रमांत होती. त्यांच्या आधारे भारतीय हौशी मंडळींनी आपल्याकडची इंजिने, डबे आणि मार्ग तयार केले. पुढे स्वयंसेवकांनी ‘ओपन रेल्स’ हा विनामूल्य कार्यक्रम घडवला, तो मायक्रोसॉफ्टसाठी रचलेले जुने मार्गही चालवू शकतो.

आमच्या चिरंजीवांनी ट्रेन्झ निवडला आणि कुर्डुवाडी ते बार्शी हा मूळचाच टप्पा हाती घेतला. ट्रेन्झमध्ये जमीन ७२० मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांनी बनते. सुमारे ३४ किलोमीटरच्या मार्गासाठी असे चौकोन एका ओळीत ठेवले तरी ४७-४८ लागतात. मार्ग वळला, की बाजूचेही चौकोन जोडावे लागतात.

जमिनीची उंची कोठून आणायची? फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ अवकाशयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची रडारने मोजली. ती मोजणी आज कोणालाही विनामूल्य मिळते. त्यात सुमारे दर ३० मीटरला उंचीचा एक बिंदू आहे. हे ऐकून मला वाटले, मग उरले काय? परंतु अडचण येथेच सुरू होते. रेल्वेत शंभरास एक हा चढ चांगला जाणवण्याजोगा असतो, म्हणजे ३० मीटर पुढे जाताना गाडी केवळ ३० सेंटिमीटर वर चढते. रडारच्या मोजणीतली चूक मात्र काही मीटरची असू शकते. झाडाचा शेंडा आणि जमीन यांतला फरकही तिला नेहमी कळत नाही. ती उंची जशीच्या तशी घेतली, तर रूळ सागराच्या लाटांसारखे वर-खाली होतात! म्हणून उंची हा कच्चा माल समजायचा. त्यावर जुने नकाशे ठेवायचे, भराव आणि खोदाई कोठे होती ते ताडायचे आणि मग चढ हाताने बसवायचा. अमेरिकन सैन्याने १९५०च्या दशकात छापलेले भारताचे नकाशे आज सर्वांसाठी खुले आहेत. त्यांत हा छोटा मार्ग स्पष्ट दिसतो. रुंद झालेला आजचा मार्ग नेहमीच जुन्या जागेवरून जात नाही. येडशीच्या पुढे तर धाराशिव शहर जोडण्यासाठी वाटच बदलली. त्यामुळे आजचा नकाशा पाहून कालचा मार्ग काढता येत नाही.

त्यानंतर येते इंजिन. ते दिसायला हुबेहूब असून भागत नाही, त्याने ओढलेही हुबेहूब पाहिजे. एका रात्री मुलाने मला हा हिशेब करून दाखवला, आणि तेथे प्रथमच माझे लक्ष लागले. आठ चालक चाके म्हणजे चार आस. आसावर पाच टन, म्हणून रुळावर घट्ट बसणारा भार २० टन. कोरड्या रुळावर त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाइतका, म्हणजे पाच टनांचा ओढ मिळू शकतो. त्याहून जास्त ओढू गेल्यास चाके जागच्या जागी फिरतात. शंभरास एक चढावर गाडीच्या दर टनामागे चढासाठी १० किलो आणि घर्षणासाठी चार-एक किलो ओढ लागतो. भागाकार केला, की इंजिनासकट सुमारे साडेतीनशे टन येतात. ही झाली कागदावरची कमाल मर्यादा. बाष्पकातील वाफ कमी पडली, तर ती खाली येते. पावसाने रूळ ओले झाले आणि पकड निम्म्यावर आली, तर भारही निम्म्यावर आणावा लागतो. पावसाळ्यात गाड्या का रखडत, याचे उत्तर मला माझ्या मुलाने पेन्सिलीने लिहून दिले.

कोणते साल?

मार्ग रचणाऱ्याला आणखी एक निर्णय घ्यावा लागतो, तो म्हणजे सालाचा. १८९७ची बार्शी, १९५५ची बार्शी आणि १९९५ची बार्शी ही तीन निरनिराळी स्थानके आहेत. सगळ्या काळांतले आवडते तेवढे एकत्र केले, तर दिसायला छान पण खोटे चित्र तयार होते.

साल निवडले माझ्या वडिलांनी. त्यांना घरात सर्व जण अण्णा म्हणतात. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले, की ते नातवाच्या खोलीत खुर्ची ओढून बसू लागले होते. “पंचावन्न साल धर,” ते म्हणाले. “त्या वर्षीचे मला सगळे आठवते.”

त्याला कारण होते. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरी सिद्धक्षेत्री सल्लेखना घेतली. १८ सप्टेंबर रोजी त्यांची समाधी झाली. त्या दिवसांत दर्शनासाठी निघालेले यात्रेकरू छोट्या गाडीने बार्शीला उतरत आणि पुढे रस्त्याने कुंथलगिरीला जात. चौदा वर्षांचे अण्णा आपल्या मित्रांबरोबर स्थानकावर गाळलेले पाणी देण्याच्या कामावर होते. हंडा कोठे ठेवलेला असे, सावली कोणत्या बाजूस पडे, उतरलेली मंडळी कोणत्या फाटकाने बाहेर पडत, हे त्यांनी नातवाला अनेक संध्याकाळी बसून सांगितले. नातू ऐकत गेला आणि पडद्यावर फलाट उभा राहत गेला. मी दारात उभा राहून पाहत असे. गेल्या कित्येक वर्षांत अण्णांना इतके बोलताना मी ऐकले नव्हते.

वखारीचा फाटा

आता जे सांगतो आहे, ते आमच्या घरचे आहे. अण्णांच्या अनुमतीनेच लिहितो आहे.

आमच्या कुटुंबात एक गोष्ट तीन पिढ्या सांगितली जाते. पणजोबांचा व्यापार एवढा मोठा होता, की रेल्वेने आमच्या वखारीच्या दारापर्यंत स्वतंत्र फाटा घातला होता. वाघीण दारात येई आणि हमाल थेट वखारीत पोती उतरवीत. लग्नसमारंभात, सोयरिकीच्या बोलण्यात, नव्या जावयाला गाव दाखवताना ही गोष्ट हमखास निघे. मीही ती माझ्या मुलाला सांगितली आहे.

स्वाभाविकच अण्णांनी नातवाला तो फाटा घालायला सांगितले. त्याने घातला. मात्र दोन दिवसांनी तो खाली मान घालून म्हणाला, “अण्णा, फाटा बसत नाही.”

“बसत नाही म्हणजे?”

“मालधक्क्यावरून निघून वखारीकडे यायचे, तर रस्त्यापाशी काटकोनात वळावे लागते. छोट्या रुळालासुद्धा वळायला पन्नास-साठ मीटर तरी पाहिजेत. तिथे तीस मीटरही जागा नाही, आणि दोन्ही बाजूंना त्याच्याही आधीची घरे आहेत.”

पडद्यावर त्याने वाघीण चालवून दाखवली. वळणावर तिचा कोपरा समोरच्या घराच्या भिंतीतून आरपार गेला. संगणक अशा वेळी काही बोलत नाही, भिंतही पडत नाही. पण पाहणाऱ्याला कळायचे ते कळते.

“तेव्हा ते घर मागे असेल,” अण्णा म्हणाले. “फाटा होता. मी सांगतो ना.”

नातवाने फाटा तसाच ठेवला आणि विषय बदलला. त्याने मोठ्या माणसाचा शब्द मोडला नाही, पण त्या फाट्याला त्याने पुढे रंगही दिला नाही.

माडीवरच्या कपाटात आमच्या पेढीच्या जुन्या वह्या आहेत. लाल कापडाच्या बांधणीच्या, काही वाळवीने खाल्लेल्या. मार्गावर कोणता माल कोणत्या दिवसांत किती जात असे, हे कळले तर मालगाड्या खऱ्यासारख्या सोडता येतील, म्हणून नातवाला विक्रम संवत २०११ची रोजकीर्द हवी होती. संवत २०११ म्हणजे १९५४च्या दिवाळीपासून १९५५च्या दिवाळीपर्यंतचे वर्ष. पण वही मोडीत लिहिलेली. मला मोडी येत नाही, मुलाला तर नाहीच. आमच्या घरात ती लिपी वाचू शकणारा एकच माणूस उरला आहे. तेव्हा अण्णांनी भिंग घेऊन वाचावे आणि नातवाने संगणकात उतरवावे, असे ठरले.

पहिले दोन दिवस कामाला रंग चढला. सरकी, करडई, भुईमूग, तूर, गूळ. मण आणि शेर, रुपये-आणे-पै. दशमान नाणी १९५७ साली आली, त्याआधीचा हा हिशेब. रेल्वेचे भाडे, हमाली, कुर्डुवाडीला छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत माल चढवण्याची मजुरी. रुळांची रुंदी बदलते तेथे प्रत्येक पोते माणसाच्या पाठीवरूनच जाणार! अण्णा खड्या आवाजात वाचत आणि मध्येच थांबून आपल्या वडिलांच्या अक्षराचे कौतुक करीत.

तिसऱ्या संध्याकाळी ते एका ओळीवर थांबले. भिंग पुढे-मागे केले. चष्मा काढून पुसला. मला वाटले, अक्षर पुसट असेल.

मग ते सावकाश वाचू लागले, “गाडीभाडे. मालधक्का ते वखार. बैलगाड्या दोन.”

नातवाने टंकलेखन थांबवले. त्याने काही विचारले नाही. अण्णांनी पान उलटले. आठ दिवसांनी पुन्हा तीच नोंद. त्याच्या पुढे पुन्हा. गाडीवानाचे नाव, गाड्यांची संख्या, आणे.

वाचकहो, आपण सर्व व्यापारी माणसे आहोत. या ओळीचा अर्थ मी उलगडून सांगण्याची गरज नाही. दारात वाघीण येत असती, तर मालधक्क्यापासून वखारीपर्यंतचे बैलगाडीचे भाडे कोणत्याही पेढीने भरले नसते. आमच्या पणजोबांनी तर नाहीच नाही.

“त्याच्या आधी फाटा असेल आणि नंतर काढला असेल,” मीच घाईघाईने म्हणालो. अण्णांना अवघडल्यासारखे होऊ नये, एवढाच हेतू. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि नातवाला कपाटातली सर्वांत जुनी वही काढायला सांगितले. ती संवत १९९२ची, म्हणजे १९३५-३६ सालची. ती त्यांनी स्वतः चाळली. अर्ध्या तासाने वही मिटून म्हणाले, “यातही गाडीभाडेच आहे.”

त्या रात्री ते लवकर झोपायला गेले. मला झोप लागली नाही. मनात सारखे येत होते, की घरात ही लिपी येणारा माणूस एकटा तो. ती ओळ त्यांनी गाळली असती, तर जगात कोणालाही कळले नसते. फाटा आमच्या घराण्यात राहिला असता, पडद्यावरही राहिला असता.

सकाळी चहाच्या वेळी ते नातवाला म्हणाले, “फाटा काढून टाक.” आणि थोड्या वेळाने, “वहीत जे आहे ते खरे.”

बैलगाड्या

मला वाटले होते, की आता अण्णांचा या कामातला रस संपेल. घडले वेगळेच. त्या दिवशी दुपारी त्यांना गाडीवान आठवला. वहीतले नाव वाचताच त्यांच्या डोळ्यांपुढे त्याचा फेटा आला, त्याच्या डाव्या बैलाचे मोडके शिंग आले. मालधक्क्यावरून निघालेल्या गाडीच्या पोत्यांवर बसून वखारीपर्यंत येणे, ही लहानपणी त्यांची रोजची चैन होती. चढावर गाडीवान सर्व पोरांना खाली उतरवी आणि वखारीच्या दारात प्रत्येकाला मूठभर शेंगा देई. ही आठवण त्यांनी आम्हाला कधीच सांगितली नव्हती. कदाचित फाट्याच्या गोष्टीत बैलगाडीला जागाच नव्हती. फाट्याची गोष्ट मुळात कोठून आली, हे मात्र त्यांनाही सांगता आले नाही.

आता पडद्यावरच्या बार्शी स्थानकात मालधक्क्याशी दोन बैलगाड्या उभ्या आहेत. त्यांतल्या एका बैलाचे डावे शिंग अर्धे आहे.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या चुलतभावाच्या मुलीचे लग्न झाले. जेवणाच्या पंगतीत कोणीतरी कौतुकाने वराकडील मंडळींना सांगू लागले, की यांच्या वखारीच्या दारापर्यंत रेल्वे येत असे. अण्णा दोन पाने सोडून बसले होते. ते तेथूनच म्हणाले, “नाही, फाटा नव्हता. बैलगाडीने येत होता माल. वहीत आहे.” क्षणभर शांतता पसरली. मग वराच्या आजोबांनी विचारले, “वह्या अजून ठेवल्या आहेत तुम्ही?” आणि पुढची सारी पंगत त्या दोघांच्या जुन्या वह्यांच्या गप्पांत गेली.

करडे ठोकळे

या कामातला एक नियम मला विशेष आवडला. ज्या इमारतीचे छायाचित्र नाही, नकाशा नाही, खात्रीची आठवण नाही, तिच्या जागी मुलगा साधा करडा ठोकळा ठेवतो. सुंदर दगडी घर उभे करणे त्याला अशक्य नाही, अर्ध्या तासाचे काम आहे. पण एकदा ते उभे राहिले, की पाहणारा ते खरेच होते असे धरून चालतो, आणि खरे शोधण्याची गरज संपते. करडा ठोकळा मात्र पाहणाऱ्याला सांगत राहतो, की येथे अजून काम बाकी आहे. आठवणीतून आलेल्या आणि कागदाने सिद्ध झालेल्या गोष्टी तो दोन वेगळ्या यादींत ठेवतो. आमच्या भाषेत सांगायचे, तर कच्ची कीर्द वेगळी आणि पक्की खतावणी वेगळी.

ज्यांच्या घरी अशी आवड असलेली मुले आहेत, त्यांना अनुभवाने काही सांगावेसे वाटते. मोठा खर्च लागत नाही. ओपन रेल्स विनामूल्य आहे आणि साधारण बरा संगणक पुरतो. आरंभ एका स्थानकापासून करावा, संपूर्ण मार्गाचा हव्यास धरू नये. साल आधी ठरवावे. आणि मुलाच्या शेजारी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाची खुर्ची ठेवावी. मुलाला मोजायला येते, वृद्धांना आठवते. दोघांनाही एकमेकांची चूक दाखवता येते, आणि दोघांनाही ती मान्य करायला शिकता येते. माझ्या घरी तरी हे शिक्षण दोन्ही बाजूंनी झाले. मुलगा आता दर रविवारी अण्णांकडे मोडी गिरवतो.

कुर्डुवाडी-बार्शी टप्पा आज बराच पुरा झाला आहे. गाडी ताशी तीस किलोमीटरच्या आत ठेवली, तर हा प्रवास थांब्यांसह सव्वा तासाचा होतो. शेंद्री मागे पडते, माळ लागतो आणि बार्शी जवळ आल्यावर अण्णा नेहमी थोडे आधीच ब्रेक लावतात. “लोक उतरायला उभे राहतात,” असे त्यांचे म्हणणे. पुढे पांगरी, रामलिंगचा घाट आणि येडशी हा बालाघाटाचा चढ करण्याचा मुलाचा मानस आहे.

पण कुर्डुवाडीचा तो धक्का, जेथे छोट्या वाघिणीतला माल मोठ्या वाघिणीत चढवला जाई, तो अजून संपूर्ण करडा आहे. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचा माल ज्या ठिकाणाहून गेला, त्या जागेचे एकही छायाचित्र आम्हाला मिळालेले नाही. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या वह्या, रेल्वेच्या पावत्या, पिवळी पडलेली छायाचित्रे रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावीत, एवढीच विनंती. त्यांतली एखादी ओळ कदाचित आपल्या घरच्या एखाद्या गोष्टीला खोटे ठरवील. तरीही ती मोठ्याने वाचावी.